संशोधकाच्या चिठ्ठ्या : एक परामर्श

संशोधक निवर्तला म्हणजे त्याच्या संग्रहाची वांटणी कशी होते, हें वाचकांस ठाऊक आहेच. पोथ्या एखाद्या मंडळाकडे जातात. सनदा व पत्रें घरच्यांस मोलाचीं वाटलीं तर घरीं राहतात, नाहीं तर तींही मंडळांत येतात. छापील पुस्तकें ग्रंथालयाच्या वांट्यास येतात. मागें उरतात त्या त्याच्या चिठ्ठ्या. त्या कोणाच्याच यादींत बसत नाहींत. पोथीसारख्या त्या जुन्या नसतात, पुस्तकासारख्या बांधलेल्या नसतात, आणि त्यांवरचें अक्षर बहुधा लिहिणारासच लागतें. परिणामीं चाळीस-पन्नास वर्षांचें टिपण एका सकाळीं रद्दीवाल्याच्या तराजूंत पडतें. हा व्यवहार योग्य कीं अयोग्य, आणि चिठ्ठीस ऐतिहासिक साधन म्हणून कितपत मान द्यावा, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

विचारास निमित्त घडलें तें असें. माझे एक ज्येष्ठ स्नेही, व्यवसायानें शिक्षक, आयुष्यभर करवीर इलाख्यांतील खाजगी दप्तरें धुंडाळीत असत. ते वारल्यावर त्यांच्या चिरंजीवांनीं दोन पत्र्याच्या पेट्या व चपलांचीं अकरा खोकीं कळंब्यास माझ्या घरीं आणून ठेविलीं. आंत चिठ्ठ्या होत्या. कांहीं विकत घेतलेल्या कार्डांवर, पुष्कळशा जुन्या लग्नपत्रिका व परीक्षेचे कागद कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या. इ. स. २०१९ च्या ऑगस्टांत पंचगंगेचें पाणी शहरांत शिरलें तेव्हां नदीकांठच्या एका घरांतील दोन रुमाल कागद पूर्ण भिजून त्यांचा लगदा झाला. त्या रुमालांतील कित्येक कागदांच्या नोंदी या खोक्यांत आहेत. अस्सल नाहींसें झालें असून चिठ्ठी राहिली आहे. तेव्हां तिची परीक्षा करणें आतां केवळ सोयीचा प्रश्न राहिला नाहीं.

प्रथम चिठ्ठी म्हणजे काय तें पाहूं. आपल्याकडील हिशेबनिसांस ही गोष्ट नवी नाहीं. रोजचा व्यवहार ज्या क्रमानें घडला त्या क्रमानें कीर्दींत चढतो, आणि मग प्रत्येक असामीच्या नांवें खतावणींत जातो. संशोधकाची टिपणवही ही त्याची कीर्द होय : आज हें दप्तर पाहिलें, उद्यां तें. परंतु लेख लिहितांना त्यास खतावणी हवी असते. एका गांवाविषयीं, एका घराण्याविषयीं जें जें मिळालें तें एके ठिकाणीं लागतें. वहीचीं पानें शिवलेलीं असल्यानें हें दर वेळीं नव्यानें उतरून काढावें लागतें. एक नोंद एका सुट्या कागदावर लिहिली म्हणजे तोच कागद आज गांवाच्या खणांत, उद्यां घराण्याच्या खणांत ठेवतां येतो. कीर्द मोडून हवी तेव्हां हवी ती खतावणी करतां येणें, एवढाच चिठ्ठीचा गुण आहे. पण तो मोठा आहे.

युरोपांत ही रीत सोळाव्या शतकापासून दिसते. कोनराड गेस्नर यानें उतारे कापून सुट्या पट्ट्या जुळविण्याची पद्धति सांगितली, अठराव्या शतकांत लिनियस यानें वनस्पतींच्या नोंदी सुट्या कागदांवर ठेवल्या, आणि इ. स. १७९१ त फ्रान्समध्यें क्रांतिकारकांनीं जप्त केलेल्या ग्रंथसंग्रहांची यादी करतांना पत्त्यांच्या डावांतील पानांच्या पाठी वापरण्यांत आल्या. पांच इंच लांब व तीन इंच रुंद असें कार्ड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन ग्रंथालयांनीं रूढ केलें. आपल्या बाजूस ही व्यवस्था रुजविण्याचें बरेंचसें श्रेय बडोद्याच्या सयाजीराव महाराजांस आहे, त्यांनीं इ. स. १९१० त विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानांतील ग्रंथालयांची घडी बसविली.

मराठींत या पद्धतीचें फळ कोठें दिसतें, असें कोणीं विचारल्यास मी प्रथम कै. शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'कडे बोट दाखवीन. तिचा पहिला भाग इ. स. १९४३ त निघाला व त्यांत १८०० पासून १९३७ पर्यंतचे ग्रंथ आले. १९३८ ते १९५० या वर्षांचा दुसरा भाग १९६१ सालीं निघाला. ग्रंथांची मांडणी दशांश-वर्गीकरणानें विषयवार केली आहे. अशी सूची बांधीव वहींत होणें शक्यच नाहीं. कारण नवा सांपडलेला प्रत्येक ग्रंथ मधल्या जागीं घालावा लागतो, आणि चुकीच्या विषयांत पडलेला उचलून दुसरीकडे न्यावा लागतो. सुटी नोंद हा तिचा पाया होय. तिचा मुख्य गुण असा कीं, दात्यांची नोंद ग्रंथाविषयीं बोलते, ग्रंथावर मत देत नाहीं. नांव, कर्ता, वर्ष, पृष्ठें, संपलें. मतें जुनीं होतात, नोंद होत नाहीं. दात्यांनीं पुढें काळे व बर्वे यांसह केलेली १८०० ते १९५० या काळांतील नियतकालिकांची सूचीही १९६९ सालीं, म्हणजे दात्यांच्या मृत्यूनंतर पांच वर्षांनीं, बाहेर पडली. एकाची नोंद दुसऱ्याच्या हातीं कामास येणें हीच नोंदीची कसोटी, व या कसोटीस दाते उतरले.

याच्या उलट बाजूचा विचार राजवाड्यांच्या कोशांवरून सुचतो. वि. का. राजवाडे इ. स. १९२६ च्या अखेरच्या दिवशीं धुळें येथें वारले. त्यांच्या हस्तलिखित सामग्रींतून 'धातुकोश' १९३७ त व 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' १९४२ त प्रसिद्ध झाला. या ग्रंथांविषयीं माझा आदर कोणाहून कमी नाहीं. तथापि कोणत्याही मृत पंडिताच्या टिपणांतून ग्रंथ उभा राहतो तेव्हां वाचकापुढें एक अडचण राहते. अमुक व्युत्पत्ति त्यांनीं तपासून कायम केली होती, कीं एके रात्रीं सुचली म्हणून टिपून ठेविली होती, हें छापलेल्या पानावरून कळत नाहीं. टिपणांत दोन्ही सारख्याच शाईनें लिहिलेल्या असतात. छाप्यांत दोन्ही सारख्याच ठशांनीं उतरतात. राजवाड्यांच्या व्युत्पत्तींवर जे आक्षेप घेतले गेले त्यांपैकीं कांहींचा रोख राजवाड्यांकडे असावयास हवा कीं टिपणाकडे, हा प्रश्न म्हणूनच शिल्लक राहतो. निर्णय व तर्क यांस वेगळी खूण नसणें हा चिठ्ठीचा पहिला दोष होय.

आतां सर्वांत मोठ्या उदाहरणाकडे वळूं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृत महाकोश रचण्याचें काम डॉ. सु. मं. कत्रे यांनीं इ. स. १९४८ त हातीं घेतलें. ऋग्वेदापासून पुढील सुमारें पंधराशें ग्रंथांतून शब्द व अवतरणें उतरविण्यांत पंचवीस वर्षें गेलीं, आणि एक कोटीच्या घरांत चिठ्ठ्या जमल्या. पहिला भाग डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखालीं १९७६ त निघाला. इ. स. २०२२ पर्यंत ३५ भाग होऊन सहा हजारांवर पृष्ठें छापलीं गेलीं, तरी वर्णमालेचा पहिला वर्ण पुरा झाला नव्हता. या संथपणाविषयीं उपहासानें बोलणारे पुष्कळ भेटतात. त्यांनीं त्या खणांपुढें एक तास उभें राहावें. एका शब्दाचे तीन हजार वर्षांतील प्रयोग कालक्रमानें एकापाठीं एक हातांत येतात, व अर्थ कोठें वळला तें डोळ्यांनीं दिसतें. हें दुसऱ्या कोणत्याही रीतीनें साधलें नसतें.

परंतु गुण सांगितल्यावर धोकाही सांगितला पाहिजे. चिठ्ठी ज्या आवृत्तीवरून उतरली त्या आवृत्तीस ती कायमची बांधलेली असते. १९४८ सालीं उतारे काढण्यास आरंभ झाला तेव्हां भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ति पुरी व्हावयाची होती. ती १९६६ त पुरी झाली. एखाद्या चिठ्ठीवर जुन्या आवृत्तीचा पाठ असेल व नव्या आवृत्तींत तो तळटीपेंत गेला असेल, तर चिठ्ठी खोटी ठरत नाहीं. मात्र आपण कोणत्या पाठाची साक्ष देत आहों हें तिनें सांगितलें पाहिजे. भांडारकर संस्थेंतील पाठभेदांच्या तुलनापत्रकांशीं चिठ्ठीची तुलना करून पाहावी. तेथें श्लोक वर लिहिलेला, आणि निरनिराळ्या प्रतींतील भेद त्याखालीं अक्षरशः जागच्या जागीं मांडलेले असत. भेद श्लोकापासून तुटत नसे. चिठ्ठींत शब्द वाक्यापासून, वाक्य पानापासून, व पान ग्रंथापासून तुटतें. संदर्भ तुटणें हा दुसरा दोष.

तिसरा दोष गहाळ होण्याचा. इंग्रजी भाषेच्या ऑक्सफर्ड महाकोशाचा इतिहास यासाठीं वाचण्यासारखा आहे. जेम्स मरे यांनीं इ. स. १८७९ त काम हातीं घेतलें तेव्हां पूर्वींच्या मदतनिसांकडील चिठ्ठ्या त्यांस गोळा कराव्या लागल्या. एका वर्णाच्या चिठ्ठ्या फ्लॉरेन्सला मिळाल्या. 'पी-ए' या अक्षरांनीं आरंभणाऱ्या शब्दांच्या आयर्लंडांतील एका तबेल्यांत सांपडल्या, व त्यांतील बऱ्याचशा चूल पेटविण्यास खर्ची पडल्या होत्या. पुढें 'बॉण्डमेड' या शब्दाच्या चिठ्ठ्या हरवल्या आणि १८८८ च्या खंडांत तो शब्दच आला नाहीं. १९३३ च्या पुरवणींत त्यास जागा मिळाली. वहींतून पान गेलें तर फाटलेली कड दिसते. खणांतून चिठ्ठी गेली तर मागें खूण राहत नाहीं.

हे तिन्ही दोष परकीयांच्या माथीं मारून मला मोकळें होतां येत नाहीं. कारण माझ्याच हातून यांहून मोठी चूक झाली, व ती स्नेह्यांच्या खोक्यानें उघडकीस आणली. उपरिनिर्दिष्ट नदीकांठच्या घरांत एका इनामाविषयींचें ताकीदपत्र होतें. तें आम्हीं दोघांनीं निरनिराळ्या वर्षीं पाहिलें. माझ्या कार्डावर मीं काळ म्हणून केवळ 'सन ११७२' एवढेंच लिहिलें. पुढें दहा-बारा वर्षांनीं कार्ड हातीं घेतलें तेव्हां, कागद इनामाचा म्हणून, तो फसली सन असावा असें मीं धरून चाललों. फसली ११७२ म्हणजे इ. स. १७६२-६३. जिजाबाईसाहेबांनीं शिवाजी महाराजांस दत्तक घेतलें तें १७६२ त. एवढ्यावरून, दत्तविधानानंतर लागलीच इनामांची फेरतपासणी सुरू झाली, असें अनुमान मीं एका व्याख्यानांत आत्मविश्वासानें मांडलें, व श्रोत्यांनीं तें मान्यही केलें.

स्नेह्यांच्या चिठ्ठीवर त्याच कागदाची नोंद अशी आहे : सन अक्षरांत, 'इसन्ने सबैन मया व अलफ', त्याखालीं, शकाचे अंक कसरीनें गेले, 'खरनाम संवत्सरे' एवढें स्पष्ट, उजवी कड तुटकी, मालकाकडे पाहिला, अमुक तारीख. आरबी अक्षरांनीं लिहिलेला सन हा सुहूर सन होय, आणि सुहूर ११७२ म्हणजे इ. स. १७७१-७२. ताळा पाहावयाचा तर संवत्सर आहेच : खर संवत्सर शके १६९३ चा, म्हणजे १७७१-७२ चा, फसली ११७२ शीं जुळणाऱ्या शके १६८४ चा संवत्सर चित्रभानु. दोन स्वतंत्र खुणा एकाच वर्षावर येतात. कागद दत्तविधानाच्या आरंभींचा नसून जिजाबाईसाहेबांच्या कारभाराच्या अखेरचा आहे. त्या १७७३ त वारल्या. माझें अनुमान नऊ वर्षांनीं ढळलें, व ज्या पायावर तें उभें होतें तो पायाच राहिला नाहीं. तें येथें जाहीरपणें मागें घेतों.

या प्रकरणीं विचार करण्यासारखें असें कीं, दोन्ही चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, दोन्ही प्रामाणिकपणें लिहिलेल्या, आणि मूळ कागद आज कोणासही पाहतां येणार नाहीं. तरी एक साक्ष ग्राह्य व दुसरी त्याज्य ठरते. मीं अक्षरांचे अंक केले, म्हणजे पाहिलेलें टाकून समजलेलें लिहिलें. त्यांनीं दिसलें तें लिहिलें, आणि दिसलें नाहीं तें दिसलें नाहीं म्हणूनही लिहिलें. कसरीनें खाल्लेल्या अंकांची नोंद मला त्या वेळीं निरुपयोगी वाटली असती. आज तिच्यामुळेंच संवत्सर कशावरून घेतला हें कळतें. चिठ्ठीची ग्राह्यता तिच्या वयावर किंवा लिहिणाराच्या कीर्तीवर ठरत नाहीं. ती नकल आहे कीं गोषवारा आहे, हें तिच्यावरूनच कळतें कीं नाहीं, यावर ठरते.

मग उपाय काय? माझ्या मतें तो आपल्या पोथ्यांच्या समासांतच आहे. पोथी ही मुळांत सुट्या पानांचीच. पानें मिसळलीं म्हणजे काय अनर्थ होतो, हें ज्यानें एकदां तरी दोन पोथ्यांचा कालवलेला गठ्ठा सोडविला आहे त्यास सांगावयास नको. यासाठीं जुना लेखक प्रत्येक पानाच्या डाव्या समासांत ग्रंथाच्या नांवाचीं आद्याक्षरें व पत्रांक लिही, उजवीकडे खालीं पुन्हां अंक घाली, आणि अखेरीस शक, स्थळ, आपलें नांव व कोणासाठीं लिहिलें तें नोंदवी. एक पान वाटेंत सांपडलें तरी तें कोणत्या ग्रंथाचें कितवें हें सांगतां येई. जी शिस्त साध्या पोटार्थी लेखकानें शतकानुशतकें पाळली, ती आम्ही सुशिक्षित संशोधक कार्डावर पाळीत नाहीं. तेव्हां पुढील गोष्टी प्रत्येक चिठ्ठीवर असाव्यात, असें सुचवितों.

१. कागद कोणाचा, कोठें व कोणत्या दिवशीं पाहिला. ग्रंथ असल्यास आवृत्ति व पृष्ठ.
२. सन, तिथि, नांवें व रकमा मुळांत जशा असतील तशाच, अक्षरांत असल्यास अक्षरांत. रूपांतर करणें तें निराळ्या ओळींत.
३. नकल, गोषवारा व स्वतःचा तर्क यांस तीन वेगळ्या खुणा. तर्क शक्यतों चिठ्ठीच्या पाठीवर.
४. मूळ कागदाची स्थिति : फाटका, कसर लागलेला, खाडाखोडीचा, शिक्का असलेला कीं नसलेला.
५. अनुक्रमांक, व त्या अनुक्रमाची एक बांधीव वही. चिठ्ठी हरवली तर वहींतील अंक तिची साक्ष देईल.

शेवटच्या कलमावर कोणी म्हणेल कीं, यानें पुन्हां वहीच आली. आली, आणि ती यावीच. खतावणी ठेवणारा कीर्द फाडून टाकीत नाहीं.

आतां जतनाविषयीं. अलीकडे असें ऐकूं येतें कीं, संगणकाच्या काळांत चिठ्ठ्यांचें प्रयोजन उरलें नाहीं. मजकूर यंत्रांत भरावा व कागद मोकळे करावे. अमेरिकेंत ग्रंथालयांस छापील कार्डें पुरविणाऱ्या मोठ्या संस्थेनें तें काम इ. स. २०१५ त बंद केलें, हें खरें. ग्रंथालयाचें कार्ड जाण्यास माझा आक्षेप नाहीं. तें ज्या पुस्तकाकडे बोट दाखवितें तें पुस्तक कपाटांत आहे. संशोधकाची चिठ्ठी ज्या कागदाकडे बोट दाखविते तो कागद पुष्कळदां नसतो. शिवाय मजकूर भरणारा मनुष्य 'इसन्ने सबैन' चे अंक करणार नाहीं याची हमी कोणीं द्यावी? मीं तेंच केलें होतें, आणि मी त्या विषयांतला म्हणवितों. यंत्रांत घ्यावयाचें तर चिठ्ठीचें चित्र घ्यावें, पुढचें व पाठचें दोन्ही. मजकूर त्याशेजारीं द्यावा. आणि चिठ्ठ्या ज्या क्रमानें खोक्यांत सांपडल्या तो क्रम आधीं लिहून ठेवावा. कोणती चिठ्ठी कोणत्या चिठ्ठीशेजारीं ठेविली होती यांतही त्या मनुष्याचा विचार असतो, व तो एकदां ढवळला कीं पुन्हां जुळत नाहीं.

जागेची अडचण मी नाकारीत नाहीं. सर्वच चिठ्ठ्या ठेवण्याच्या योग्यतेच्या नसतात. छापील पुस्तकांतील उतारे, जे कोणासही पुन्हां काढतां येतील, ते सोडावे. खाजगी दप्तरांतील कागदांच्या नोंदी मात्र एकही टाकूं नये. आणि मंडळांच्या हस्तलिखितांच्या यादींत 'चिठ्ठीसंग्रह' असा स्वतंत्र वर्ग करून त्यांस पोथ्यांप्रमाणें क्रमांक द्यावे.

स्नेह्यांच्या खोक्यांपैकीं चार आजवर लावून झालीं. क्रम जसाचा तसा लिहून घेतला आहे. बुडालेल्या रुमालांच्या म्हणून आतांपर्यंत ज्या चिठ्ठ्या ओळखल्या, त्या वेगळ्या न काढतां जागच्या जागीं खूण करून ठेविल्या आहेत. लग्नपत्रिकांच्या छापील बाजूही टिपून घेत आहें. कारण पत्रिकेवरच्या तिथीवरून ती चिठ्ठी निदान कोणत्या वर्षाच्या पूर्वींची नव्हे, हें कळतें. त्याच नदीकांठच्या घरचे कागद ज्या संग्राहकांनीं पूर्वीं पाहिले असतील व त्यांचीं टिपणें ज्यांजवळ असतील, त्यांनीं तीं ताडून पाहण्यास द्यावीं, अशी विनंती आहे. आपलीं टिपणें अपुरीं आहेत म्हणून कोणीं संकोच करूं नये. माझें कार्ड त्याच खोक्यांत, त्याच नोंदीपाठीं, चुकीसुद्धां ठेविलें आहे.

कळंबा, (कोल्हापूर).